दारात ठेवलेला पाय

“आज माझ्यासाठी थांबू नका, मामा. घंटा थांबली की दार लावून घ्या. अगदी नियमाने.”

मास्तर असं म्हणाले तेव्हा दारमामा सभागृहाच्या दाराची पितळी मूठ पुसत होते. फडकं हातातच राहिलं. मास्तर काठी टेकत आत निघून गेले आणि मामा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांचा ऊर भरून आला. एवढं मोलाचं मत, त्यावर उद्या कुणी बोट ठेवायला नको, म्हणून हा माणूस हक्काची सवलतसुद्धा नाकारतोय, असा त्यांनी अर्थ लावला. चांगल्या माणसाच्या बोलण्याचा चांगलाच अर्थ लावायचा, ही मामांची खोड जुनीच होती.

दारमामा हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि बायकोला ठाऊक होतं, बस. सभागृहाच्या उजव्या दारावर त्यांची उभी हयात गेली होती, आणि तीही खरोखरच उभ्याने. काम म्हणाल तर साधं. मतदान पुकारलं की साऱ्या इमारतीत घंटा वाजू लागते. कँटीनमध्ये, वाचनालयात, व्हरांड्यात जे कोणी सदस्य पांगलेले असतील त्यांनी ती थांबायच्या आत यायचं. घंटा थांबली की दार बंद. मग बाहेरचा आत नाही आणि आतला बाहेर नाही, मग तो मंत्री का असेना.

या नियमात मामांनी एक बारीकशी फट ठेवली होती. ती फट म्हणजे त्यांचा उजवा पाय. मास्तर म्हणजे सभागृहाचे जुने सदस्य, एके काळचे शाळामास्तर. त्यांचा एक गुडघा कायमचा दुखरा, चालणं मुंगीच्या पावलांनी. घंटा थांबली तरी मामा एक फळी लावायचे आणि दुसरीच्या फटीत बुटाचं टोक घालून उभे राहायचे. काठीची टकटक आत आली की पाय काढून घ्यायचा. दोन्ही बाजूंच्या सदस्यांना हे माहीत होतं, पण कुणी कधी हरकत घेतली नाही. मास्तरांसाठी म्हणून तेवढं चालायचं. सगळ्या सभागृहाने मिळून चांगुलपणाची केलेली तेवढीच एक गोष्ट असेल.

बाकी मामांनी त्या दारातून काय काय बघितलं होतं! काल गळा काढून ओरडणारा आज कुणाच्या तरी खोलीतून हसत बाहेर पडायचा. कुणी रातोरात पक्ष बदलून समोरच्या बाकावर जाऊन बसायचा आणि चुकून जुन्या मित्राच्याच भाषणावर बाक वाजवायचा. विकल्या गेलेल्या माणसाच्या तोंडावर एक विशेष कळा येते, ती मामा लांबून ओळखायचे. सुरुवातीला त्यांना संताप यायचा, पुढे हसू यायला लागलं, आणि आता तर नुसती जांभई. मात्र मास्तरांचं नाव निघालं की मामा ताठ उभे राहत. “आमच्या घरात एक माणूस आहे,” असं ते बायकोला सांगत. घर म्हणजे सभागृह. बायको म्हणे, “मग या घरात कोण आहे?”

त्या दिवशीचं मत पुलाचं होतं. मास्तरांच्या भागातला नवाकोरा पूल, रंग वाळायच्या आत नदीत बसला आणि माणसं घेऊन बसला. बांधकाममंत्र्यांनी कंत्राटात हात ओले करून घेतले, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. चौकशी नेमावी की नाही, एवढाच प्रश्न होता. मागच्या आठवड्यात मास्तर त्यावर बोलले होते. त्यांच्या शाळेत शिकलेली दोन मुलं त्या पुलावर होती. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला आणि दारामागे मामांनी त्याच फडक्याने डोळे टिपले. दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या. एक मत इकडे की तिकडे, एवढ्यावर सगळं आलं होतं. वर प्रेक्षकांच्या सज्जात पुलावर दगावलेल्यांची माणसं सकाळपासून येऊन बसली होती.

घंटा वाजायला लागली.

सदस्य घाईघाईने आत शिरले. मामांनी एक फळी लावली, दुसरी हातात धरली आणि व्हरांड्याकडे नजर लावली. मास्तर दिसले. खांबापलीकडच्या बाकावर ते बसले होते. दोन्ही हात काठीवर आणि नजर समोरच्या भिंतीवर.

‘धरला वाटतं गुडघा,’ मामांच्या मनात आलं. त्यांनी हाक मारली. मास्तरांनी मान वळवली नाही. घंटा आता थांबणार, हे मामांना तिच्या घरघरीवरून कळलं. आणि मग मामांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. आपलं स्टूल फटीत सारलं, दार सोडलं आणि ते पळाले.

“मास्तर, उठा! मी धरतो.”

“राहू द्या मामा.”

“राहू द्या काय! पुलाचं मत आहे!”

त्यांनी मास्तरांच्या काखेत हात घातला आणि जवळजवळ उचललंच. मास्तर जड वाटत होते. गुडघ्याने अडलेला माणूस आधार दिला की तुमच्यावर भार टाकतो. मास्तर मागे ओढत होते. निम्म्या वाटेत घंटा थांबली.

“सांगितलं होतं ना तुम्हाला?” मास्तर दातांत बोलले.

मामांनी वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ती कळा त्यांना चांगली ओळखीची होती. मास्तरांच्या तोंडावर मात्र ती आजवर कधी आली नव्हती.

पण आता माघार घ्यायला जागा उरली नव्हती. ते दारापाशी पोचले होते आणि वर सज्जात एक बाई उठून उभी राहिली होती. “आले! मास्तर आले!” असं ती रडत रडत शेजारणीला सांगत होती. मास्तरांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि ते आपल्या बाकाकडे गेले. चौकशीच्या बाजूने हात वर करा म्हणताच त्यांनी हात वर केला. काय करणार? अख्खा सज्जा त्या हाताकडे डोळे लावून बसला होता.

चौकशी एका मताने मंजूर झाली आणि लगोलग एकच गोंधळ उडाला. दार वेळेवर लागलं नाही, मतदान बेकायदा आहे, म्हणून सत्ताधारी बाजू उठली. सभापतींनी मत रद्द ठरवलं. दाराची चौकशी उद्या, मतदान पुन्हा परवा. पुलाची चौकशी इतके महिने रखडली होती. दाराची एका दिवसात नेमली गेली.

संध्याकाळी मामा गणवेशाची टोपी काढून बाकावर बसले होते. तोच बाक. सत्ताधाऱ्यांचे प्रतोद, म्हणजे मतदानाला आपली माणसं हाकून आणणारे गृहस्थ, शेजारी येऊन बसले. माणूस हसतमुख. रागावणं त्यांना परवडत नसे.

“मामा, काय केलंत हे? ठरलेलं सगळं उधळलंत की.”

“काय ठरलेलं, साहेब?”

“आता लहान मुलासारखं विचारू नका. मास्तरांच्या मुलाला पेट्रोल पंप मिळणार होता. मास्तरांनी मत विरोधात द्यावं असं आम्ही म्हटलंच नव्हतं. त्यांचाही मान आहे. गुडघ्यामुळे उशीर झाला, दार लागलं, संपलं. ना त्यांना बट्टा, ना आम्हाला त्रास.” प्रतोदांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. “उद्या विचारतील तेव्हा एवढंच म्हणा की सवय होती, चूक झाली. बाकावर कोण कसं बसलं होतं, ते कशाला काढायचं? तुमची मुलगी नर्स आहे ना लांब कुठेतरी? लेकरू इथे, ती तिथे. बघू आपण तिच्या बदलीचं.”

“मी काही मागितलं नाही, साहेब.”

“म्हणून तर देतोय,” असं म्हणून प्रतोद उठले.

दुसऱ्या दिवशी सचिवांच्या खोलीत मामा हात बांधून उभे राहिले. समोर सचिव, बाजूच्या खुर्चीत मास्तर. सचिवांनी आधी मास्तरांना विचारलं.

“मी त्यांना सकाळीच बजावलं होतं, थांबू नका म्हणून,” मास्तर म्हणाले. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तेच मामांना सगळ्यात जास्त लागलं.

“खरं आहे हे?” सचिवांनी विचारलं.

“खरं आहे.”

“मग दार का सोडलंत? मास्तर त्या वेळी काय करत होते?”

मामांच्या ओठांवर सगळं आलं होतं. निवांत बसलेले मास्तर, मागे ओढणारं ते अंग, प्रतोदांचा खांद्यावरचा हात. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर मान खाली घालून काठीची मूठ अंगठ्याने घासत होते. मामांना त्यांचा राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि तीही स्वतःच चोरी करताना सापडल्यासारखी. मास्तर विकले गेले, हे वाक्य आपल्या तोंडून निघालं तर इतकी वर्षं आपण दारात पाय ठेवून कुणाची वाट बघितली, हा प्रश्न उरला असता.

“चालतच होते ते,” मामा म्हणाले. “मला वाटलं, गुडघा दुखतोय. सवय होती. चूक झाली.”

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण प्रतोदांचंच वाक्य म्हटलं.

शिक्षा लगेच ठरली. एक वेतनवाढ बंद, आणि निवृत्तीपर्यंत दाराऐवजी बाहेरच्या फाटकाशी सामानाच्या खोलीत काम. येणाऱ्यांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या आणि बिल्ले द्यायचे.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला. “अहो, पण खरं सांगायला काय धाड भरली होती? त्यांची अब्रू झाकायला तुमचीच चादर बरी सापडली!”

“जाऊ दे गं.”

“आयुष्यभर जाऊच देत आलात.”

मामा भिंतीला टेकून बसले. मनात एक समाधान मात्र होतं. लहानसं होतं, पण होतं. आपण गप्प बसलो ते मास्तरांसाठी. कुणाकडून काही घेतलं नाही. आपला हात कोरडा आहे.

ते समाधान सकाळपर्यंत टिकलं. मामा बुटाची नाडी बांधत होते तेव्हा बायको फोन कानाला लावून आतून धावतच आली. ती हसत होती आणि रडतही होती. “अहो, पोरीची बदली झाली! इथल्याच दवाखान्यात! तिचं बाळ आता तिच्याजवळ राहील. घ्या, बोला तिच्याशी.”

“बाबा,” पलीकडून मुलगी म्हणाली, “इतके अर्ज केले, कुणी दाद दिली नाही. आज आपोआप कसं झालं हो?”

मामांनी फोन कानाला घट्ट धरला. नको म्हण, परत कर, असं तिला सांगायचं होतं. तिच्या आवाजात इतका आनंद होता की त्यांची जीभच वळेना. रोज संध्याकाळी फोनवर बाळाला हाका मारून रडणारी पोर होती ती.

“झालं ना? मग झालं,” ते म्हणाले. “सामान नीट बांध.”

सामानाच्या खोलीत लोखंडी कप्पे होते, एक टेबल आणि लोकांना बसायला एक बाक. मामांनी आल्याआल्या टेबल पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसलं. दुपारी बाहेर काठीची टकटक ऐकू आली.

मास्तर आत आले. हातात कातडी बॅग होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, बिल्ला घेतला आणि सभागृहाकडे जायच्या ऐवजी ते बाकावर बसले. मामांनी पुन्हा टेबल पुसायला घेतलं. विचारायचं काही उरलं नव्हतं. मग मास्तरच म्हणाले, “मुलीची बदली झाली म्हणे.”

“झाली.”

“चांगलं झालं. लेकरू लहान आहे.”

“हो.” मामांनी फडक्याची घडी घातली. “तुमच्या मुलाचा पंप?”

मास्तरांनी एकदाच वर बघितलं. “आजचं मतदान झालं की मिळेल,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

आणि घंटा वाजायला लागली. इथे ती लांबून, भिंतींतून गाळून आल्यासारखी यायची. फाटकाबाहेर पुलावर दगावलेल्यांची माणसं उभी होती. आज त्यांना आत सोडलं नव्हतं. घंटा ऐकून ती इमारतीकडे बघायला लागली.

“मास्तर,” मामा म्हणाले, “अजून वेळ आहे. मी हात धरतो.”

मास्तरांनी गुडघ्यावर तळवा ठेवला. ते उठतील असं क्षणभर वाटलं. काठीवर त्यांनी भारही टाकला. मग पुन्हा मागे टेकले.

“नाही हो होत, मामा,” ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले.

 मामा तरी कोणत्या तोंडाने बोलणार? दोघं समोरासमोर बसून ऐकत राहिले. घंटेची घरघर सुरू झाली. मग ती थांबली. लांबवर नव्या माणसाने दार धाडकन लावलं.

मास्तरांची नजर खाली गेली आणि तिथेच अडकली. टेबलाखाली मामांचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला होता आणि उघड्या फरशीवर, बुटाचं टोक टेकून, कुणाची तरी वाट बघत होता. मामांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी पाय सावकाश मागे घेतला, मास्तरांच्या हातातून बिल्ला घेतला आणि त्यांची बॅग दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरली.