भिंगरीचा उजवा पाय

मी एक जुना लाकडी पाय आहे. दचकू नका मित्रांनो, मी कोणाच्या अंगाला जोडलेला नाही. बूट शिवताना चामडे ज्याच्यावर ताणून बसवतात, तो पायाच्या आकाराचा ठोकळा म्हणजे मी. कारागीर मला फरमा म्हणतात. मी उजवा. माझा डावा भाऊ शेजारीच असतो, पण त्याच्या आयुष्यात फारसे काही घडले नाही, म्हणून बोलायचे काम माझ्याकडे आले आहे.

मला एका मामाने आपल्या भाचीसाठी घडवले. मामा बूट शिवायचा. त्याचे दुकान म्हणजे एकच खोली. खिडकीखाली शिलाईचे यंत्र, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले फरमे, कोपऱ्यात छोटा टीव्ही, आणि सगळीकडे चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास. भाचीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती घटकाभर एका जागी ठरायची नाही. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, ती दुसरीकडे आणि फुटबॉल शेजाऱ्यांच्या खिडकीकडे. लहानपणी ती कोणाचे तरी जुने बूट पुढे कापूस कोंबून घालायची. तिचा पाय वाढायचा थांबला, तेव्हा मामाने तिला कागदावर उभे केले.

"हलू नकोस गं."

"गुदगुल्या होतात!"

"मोठी खेळाडू झालीस तरी अशीच खिदळणार आहेस का?"

पेन्सिल तिच्या पायाभोवती फिरली, कागदाची पट्टी पंजाभोवती गुंडाळली गेली आणि त्या मापाने मामाने मला तासले.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. पाय बदलला म्हणून लगेच नवा फरमा करत नाहीत. जिथे पाय फुगला असेल, तिथे फरम्यावर चामड्याचा तुकडा चिकटवतात आणि कानशीने घासून गुळगुळीत करतात. भिंगरी संघात आली. सगळ्यात पुढे राहून गोल करणे हेच तिचे काम झाले. चेंडू ठोकून ठोकून तिच्या अंगठ्याच्या सांध्याला गाठ आली, तसा माझ्याही सांध्यावर तुकडा बसला. तिची करंगळी बाक धरू लागली, तशी माझीही वळली. तिने गोल केला की मामा मला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर टाळ्या वाजवायचा, आणि मला वाटायचे, यातला निम्मा गोल माझा आहे. लाकडालाही गर्व होतो, मित्रांनो.

मग ती फारच मोठी झाली. एका बड्या क्लबने तिला घेतले. बुटांच्या एका कंपनीने तिच्याशी करार केला आणि तिने त्यांचेच बूट घालायचे ठरले. "बरं झालं, माझ्या बोटांना आराम," असे म्हणून मामाने मला खिळ्याला टांगले. त्यानंतर मी नुसती धूळ खाल्ली. समोरच्या चौकात तिचे भले मोठे चित्र लागले होते. लोक मान वर करून तिला पाहायचे, माझ्याकडे मात्र कोळीसुद्धा जाळे विणण्यापुरताच यायचा. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटायचे.

एका सामन्यात समोरची खेळाडू घसरली आणि तिचा सगळा भार भिंगरीच्या उजव्या पायावर आला. हाड मोडले. कित्येक महिने ती घरी पडून होती. दरम्यान कंपनीचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. तेव्हा मामाने मला खाली काढले, फडक्याने पुसले आणि तिला न सांगता नवे बूट शिवायला घेतले.

भिंगरीची आई, म्हणजे मामाची ताई, म्हणाली, "अरे, आधी माप तरी घे."

मामा हसला. "ताई, तिचा पाय मी डोळे मिटून सांगेन. माप कसलं घ्यायचं?"

चूक झाली ती इथे. हाड जुळले होते, पण पाय पूर्वीचा राहिला नव्हता. पंजा पसरला होता, वरची बाजू उंच झाली होती. माझ्या अंगात मात्र तिचा जुना, धडधाकट पायच होता.

नवे बूट पाहून भिंगरीचे डोळे भरून आले. पाय कसाबसा आत गेला. मामा तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"कसे आहेत?"

"लोण्यासारखे!" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून मूग गिळून बसली.

क्लबच्या प्रशिक्षिकेने तिला स्पष्ट सांगितले होते, "मोसम संपेपर्यंत पूर्वीसारखी खेळलीस तर राहशील. नाहीतर तुझी जागा दुसरीला द्यावी लागेल." मामा आणि मी टीव्हीसमोर बसायचो. चेंडू अगदी पायात यायचा, ती पाय उगारायची आणि ऐन वेळी फटका आखडायचा. भिंगरी संपली, असे लोक म्हणू लागले. मामा चिडायचा. "घाबरते पोरगी! मनातली भीती जात नाही तिच्या." ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात; पण जिचे जळत होते, ती बोलायला तयार नव्हती.

एका दुपारी सराव संपवून ती दुकानात आली. मागच्या नळावर तिने पाय धुतले आणि अनवाणी आत आली. फरशीवर ओली पावले उमटली. मामा माझ्यावर चामडे ताणत बसला होता, तिच्यासाठी दुसरा जोड करायला. त्याची नजर उजव्या पावलाच्या ठशावर गेली आणि तिथेच थांबली. त्याने चामडे सोडवले, तो खाली बसला आणि त्याने मला त्या ठशावर ठेवले. ठसा माझ्या दोन्ही बाजूंनी बाहेर उरला.

"बोलली का नाहीस?" मामाने विचारले.

"इतक्या मायेने शिवलेस तू. कसं सांगू?"

"अगं वेडे, बूट टोचले तर शिव्या द्यायच्या!" मामा म्हणाला. "मी इथे बसून तुला भित्री म्हणत होतो. आणि तिकडे तुझ्या पायात माझंच चामडं रुतत होतं."

ती त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. मग त्याने कागद अंथरला. "उभी राहा. आणि हलू नकोस."

"गुदगुल्या होतात रे," ती डोळे पुसत म्हणाली.

माझ्यावर इतके तुकडे चढले की माझे मूळ लाकूड दिसेनासे झाले. तिच्या दुखण्याचा आकार मला आला, आणि त्या आकाराचे बूट तिच्या पायात गेले. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात तिने उजव्या पायाने ठोकलेला चेंडू एकीच्या गुडघ्याला घासून जाळ्यात गेला. फार देखणा गोल नव्हता. तरी मामाला टाळ्या वाजवणे सुचले नाही. तो मला दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसला होता. भिंगरीची जागा राहिली. पुढे ती बरीच खेळली, आणि थांबली ती आपल्या मनाने.

आता मामाचे हात थरथरतात. दुकान बंद आहे आणि मी खिडकीत बसून असतो. मामाचे पाय हल्ली सुजतात. परवा भिंगरी आली ती कागद आणि पेन्सिल घेऊनच. त्याच्यासाठी मऊ चपला करून घ्यायच्या होत्या. ती त्याच्या पायाशी बसली.

"उभा राहा, मामा."

"माझं माप तुला पाठ आहे की."

"कालचं पाठ आहे. आजचं घेते."

पेन्सिल फिरली आणि मामा लहान मुलासारखा खिदळला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. ती मला सवयीची आहे. पण घरातल्या माणसांचे माप आपल्याला पाठ आहे असे समजून बसू नका. मधूनमधून विचारा, कुठे टोचतंय का? आणि तुम्हाला कोणी मायेने विचारले, तर 'लोण्यासारखे' म्हणू नका.