खिडकीजवळची पांढरी बाई

त्या दिवशी आमच्या जिन्यावर इतकी गर्दी होती, की माझं मांजर आठवडाभर खाली उतरलं नाही. आठवडा जरा वाढवून सांगतोय, पण गर्दी खरी. सगळ्यांना एक फोटो पाहायचा होता.

फोटो होता शेजारच्या बेकरीवाल्याच्या तीन वर्षांच्या लेकीचा. बायको गेल्यापासून गडी मुका झालेला. दुपारी पोरगी झोपली की तिचे फोटो काढायचे, एवढाच विरंगुळा. स्टुडिओ परवडत नाही. म्हणून जुना डिजिटल कॅमेरा, स्टँड म्हणून बिस्किटांच्या डब्यांची उतरंड, आणि फ्लॅशने पोरगी दचकते म्हणून नुसता खिडकीचा उजेड. आणि या फोटोत झोपलेल्या लेकरावर एक पांढरी, आरपार दिसणारी बाई वाकलेली!

"आईच ती!" शिंपीणबाईंनी पदर डोळ्याला लावला. "जीव अडकलाय हो लेकरात."

मग दिव्यदृष्टीवाले बाबा आले. डोळे मिटून, नाक वर करून म्हणाले, "कंपनं! तीव्र कंपनं! आत्मा रुष्ट आहे. घरात परकी स्त्री आहे. ती गेल्याशिवाय लेकराची धडगत नाही."

परकी म्हणजे बेकरीवाल्याची थोरली बहीण. पोरगी महिन्याची असताना आली, ती राहिलीच. ती मुकाट्याने आत जाऊन पिशवी भरू लागली. भावाने फोटोवरून नजर काढली नाही. "थोडेच दिवस हं, ताई," एवढंच म्हणाला.

मी जन्मभर थापा मारल्या, म्हणून दुसऱ्याची कच्ची थाप मला सोसत नाही. त्यात चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केलेले. मी फोटो घेऊन आत तिच्याकडे गेलो.

"पोरी, फोटो काढला तेव्हा तू कुठे होतीस?"

"पांढरी चादर धरून उभी होते, काका. उजेड बाळाच्या तोंडावर पडावा म्हणून. मध्येच तिचं पांघरूण सरकलं, ते सारखं केलं."

"अगं, मग ही तूच की!"

ती फोटोकडे बघतच राहिली. "मी कधी फोटोत नसतेच ना. म्हणून मलाही वाटलं नाही."

बाहेर येऊन मी हात जोडले. "बाबा, त्याच खिडकीशी आपल्या तेजाचा एक फोटो होऊ द्या. खुर्चीत बसा. मी 'झालं' म्हटलं, की लगेच बाजूला व्हा."

बाबा बसले, उठले. मी कॅमेऱ्याचा पडदा सगळ्यांपुढे धरला. खुर्ची ठणठणीत, आणि बाबांच्या पोटातून तिची पाठ दिसतेय!

"बाबा, आपण वारलात कधी?"

जिना हसला. बाबा दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. खरी कंपनं तेव्हा जाणवली.

मी म्हणालो, "उजेड कमी असला की कॅमेरा सेकंद-दोन सेकंद डोळा उघडा ठेवतो. झोपलेलं लेकरू स्थिर, म्हणून स्पष्ट येतं. मध्ये येऊन गेलेलं माणूस विरळ उमटतं."

गर्दी पांगली. बेकरीवाल्याने हळूच विचारलं, "म्हणजे... ती आली नव्हती?"

"नाही रे बाबा."

मग त्याने जुने फोटो काढले. प्रत्येकात लेकीचा गाल उजळलेला, आणि एक-दोघांत कडेला चादर धरलेली दोन बोटं. तीन वर्षांत ताईचं तेवढंच.

त्याने पिशवी रिकामी केली, लेकीला तिच्या मांडीवर दिलं. "चादर काका धरतील. हलू नकोस, ताई."

मेलेली बाई पाहायला अख्खी गल्ली जिना चढली. जिवंत बाई कुणाला दिसली नाही. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: तेव्हा खोलीत कोण होतं?