खांद्याचं माप

अझुसेनाच्या बाबांकडे हसण्याचे तीन प्रकार होते आणि तिन्ही सरकारी होते.

कर्नल राष्ट्राध्यक्ष होते तेव्हाचं हसू मोठं, मांडीवर थाप मारून. कर्नलना कोंबड्यांच्या झुंजीचा नाद, म्हणून बाबांनाही तोच नाद; घराच्या मागच्या अंगणात तेव्हा चार कोंबडे एकमेकांचे डोळे फोडायला टपलेले असत. मग डॉक्टर निवडून आले. देवभोळे, दारूला न शिवणारे. बाबांचं हसू आक्रसून ओठांच्या कोपऱ्यात जाऊन बसलं, रम मोरीत ओतली गेली, कोंबड्यांचा रस्सा झाला आणि हातात जपमाळ आली. आता सिमेंट कारखान्याचे मालक एलादियो रेन्दोन राष्ट्राध्यक्ष होते. ते उंचीनं बेताचे, आणि जो हसतो तो आपल्याच उंचीवर हसतो अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून बाबा आता आवाज न करता, नुसते खांदे हलवून हसत. जेवताना ते तसे हसले की अझुसेना ताट बाजूला सारायची.

बाबा, म्हणजे एव्हारिस्तो किन्योनेस, मुळात याच सान होआकिन गावातल्या एका सुताराचा मुलगा. बाप शवपेट्या करायचा आणि मुलगा गावच्या रेडिओवर दुपारी मयतांच्या बातम्या वाचायचा. गळा असा काही दाटून आणायचा की मेलेल्याला कधी न पाहिलेल्या बायकासुद्धा मक्याच्या भाकरी तव्यावर करपू देऊन डोळ्यांना पदर लावायच्या. "पोरगा रडवतो आणि बाप पेट्या खपवतो," असं गाव म्हणायचं. प्रचाराच्या वेळी इथे येऊन कर्नलचा घसा बसला, तेव्हा कोणीतरी या पोराला मंचावर ढकललं. पोरगा बोलला, लोक ढसाढसा रडले, आणि कर्नलनी सभा संपायच्या आत त्याला गाडीत घातलं. तिथून भाषणं लिहिणारा, मग खाजगी सचिव, मग वरिष्ठ सल्लागार. राष्ट्राध्यक्ष भवनातल्या भिंतीवरची तसबीर बदलत गेली, हा माणूस मात्र हलला नाही.

"तसबिरी येतात नि जातात," पाहुण्यांना ते अभिमानानं सांगत, "खिळा तोच राहतो. मी तो खिळा!"

लहानपणी अझुसेनाला हे वाक्य केवढं भारी वाटायचं! शाळेत तिनं ते मैत्रिणींना फेकून दाखवलं होतं. आता पंधरा पूर्ण झाल्यावर तिच्या मनात यायला लागलं होतं की खिळा भिंतीत जातो तो डोक्यावर हातोडा खाऊनच ना?

आणि डॉक्टर तर तिचे धर्मपिता होते. बाप्तिस्म्याला त्यांनीच तिला हातांवर घेतलं, गळ्यात चांदीची साखळी घातली. डॉक्टरांचं सरकार पडलं, ते तुरुंगात गेले, आणि त्याच संध्याकाळी बाबांनी तिच्या मानेवरचा साखळीचा फासा हलक्या हातानं सोडवला. "आता शोभत नाही गं," म्हणाले. जणू काही साखळीची फॅशनच गेली होती. डॉक्टर तुरुंगात वारले तेव्हा आईनं स्वयंपाकघरात, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ न देता एक प्रार्थना म्हटली. बाबा त्या दिवशी रेन्दोनसाहेबांसाठी मंत्रिमंडळाच्या खुर्च्यांचे पाय कापून घेत होते, म्हणजे साहेबांची खुर्ची उंच दिसावी. स्वतः बाबा ताडासारखे उंच. पण साहेबांशेजारी चालून चालून पाठीला असा बाक आला होता की आता घरात, आंघोळीला जातानाही ते वाकूनच जात.

पवित्र आठवड्याच्या आदल्या शनिवारी ते राजधानीहून आले, हातात खव्याच्या गोड करंज्यांचं खोकं. बाबांनी स्वतःहून गोड आणलं की काहीतरी कडू आहे, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

आजोबा, म्हणजे तेच शवपेट्या करणारे सुतार, ज्यांना अख्खं गाव ताता फेर्मिन म्हणतं, व्हरांड्यात आपल्या जांभळ्या झग्याला इस्त्री करत होते. कोणाला हात लावू देत नसत. गुड फ्रायडेला चर्चच्या दारातून क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताची पालखी निघते. पालखी म्हणजे अजस्र लाकडी जहाजच, दोन्ही बाजूंना मिळून ऐंशी खांदे लागतात, आणि वाटेत फेरीफेरीनं माणसं बदलतात. पहिल्या फेरीत तिचा पुढचा डावा कोपरा कित्येक वर्षं तातांचा होता. गुडघा यंदा पार गेला होता. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या होत्या. ताता त्यांना म्हणाले, "फक्त दारापासून बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत, ही शेवटची. मग तुम्ही म्हणाल तर पाय कापून द्या."

"ताता," बाबांनी खोकं पुढे केलं, "तुमच्यासाठी मोठा मान घेऊन आलोय. राष्ट्राध्यक्ष स्वतः येणार आहेत सान होआकिनला. खांदा द्यायला!"

"येऊ दे की. देवाच्या दारात कोणालाही मनाई नाही." तातांनी इस्त्री फिरवली. "कुठल्या फेरीत?"

बाबा करंजीचा तुकडा मोडत राहिले. "पहिल्या. पुढचा डावा कोपरा. तिथेच कॅमेरे असतात ना... निवडणूक तोंडावर आहे. तुम्हाला पायरीवर खुर्ची, अगदी साहेबांच्या शेजारी. टीव्हीवर दिसाल!"

इस्त्री थांबली. झग्याच्या बाहीतून जळकट वास आला तेव्हा अझुसेनानंच ती उचलली.

"बाबा! ती तातांची शेवटची फेरी आहे!"

"तू मध्ये बोलू नकोस. ताता समजूतदार आहेत."

तातांनी बाहीवरचा डाग अंगठ्यानं चोळला. मग शांतपणे विचारलं, "मापलंस त्याला?"

"काय?"

"खांदा. मापलास का?"

"राष्ट्राध्यक्षांना? काठीला लावून? ताता, तुम्ही पण ना!"

"इथे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं माप घेऊन क्रूस केला, आणि तुझ्या सिमेंटवाल्याला माप नको?"

सान होआकिनमध्ये पालखीखालची जागा ओळखीनं मिळत नाही, मापानं मिळते. पालखी काढणाऱ्या मंडळाच्या दारात खुणांची काठी उभी असते. दरवर्षी प्रत्येकाचा खांदा जमिनीपासून मोजतात आणि सारख्या उंचीची माणसं एका फेरीत घालतात. पहिली फेरी सगळ्यात उंच माणसांची, मग उतरत्या क्रमानं बाकीच्यांच्या. एक खांदा कमी पडला की त्याचं ओझं शेजाऱ्याच्या मणक्यात जातं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाबांनाही माहीत होतं. तातांनीच तर त्यांना तरुणपणी काठीशी उभं केलं होतं, आणि दोघा बापलेकांचा खांदा एकाच खुणेवर आला म्हणून चौकात सगळ्यांना चिंचेचं सरबत पाजलं होतं.

"ती सोय केलीय," बाबा म्हणाले. "जाड तळाचे बूट. आणि झग्याच्या आत खांद्यावर फोमची उशी. भवनाच्या शिंप्यानं शिवलीय, कोणाला कळायचं नाही."

"देवाला?" अझुसेनानं विचारलं.

बाबा आवाज न करता हसले. खांदे हलले.

मंडळाच्या प्रमुखांनी आधी नकार दिला, मग चर्चच्या गळक्या छताला सरकारी निधी मिळणार असं कळलं, आणि मग त्यांना एकाएकी राष्ट्राध्यक्षांची भक्ती दिसू लागली. जाऊ दे. सगळेच असे असतात असं म्हणून अझुसेना बाबांना माफ करून टाकणार नव्हती.

शुक्रवारी पहाटेपासून गल्लीतल्या बायापोरांनी चर्चसमोर रंगीत भुशाची रांगोळी घातली होती: जांभळी फुलं, पिवळे पक्षी, कडेनं पाइनची हिरवी पानं. या रांगोळीवर पहिलं पाऊल पालखीचं पडतं. त्याआधी कुत्रं जरी शिरलं तरी बायका झाडू घेऊन धावतात. राष्ट्राध्यक्ष यायला दुपार झाली. भुसा वाळून उडायला लागला. आणि मग सहा काळ्या गाड्या आल्या, त्यांतून बूट उतरले, आणि बूट सरळ रांगोळीवरून चालत चर्चच्या दारापर्यंत गेले. पुढे वाकून वाट दाखवणारे बाबा होते. त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत पिवळा पक्षी लागला होता.

झाडूवाल्या बायका मुकाट बाजूला सरकल्या. ते तर जास्तच घाण वाटलं.

ताता पायरीवरच्या खुर्चीत बसले होते, अंगावर जळक्या बाहीचा झगा. "घरी राहायचं ना," अझुसेना म्हणाली होती. "माझा देव निघणार आणि मी घरात बसू?" म्हणाले होते.

घंटा वाजली. बँडनं संथ सूर धरला. ऐंशी माणसांनी श्वास घेतला आणि पालखी उठली. आणि रेन्दोनसाहेबांचा खांदा नि लाकूड यांच्यामध्ये चांगली वीतभर हवा राहिली! ते टाचा उंचावून चेहरा दुःखी करत होते. उशी झग्याच्या आतून घसरून छातीवर आली.

"अगं बया," केळी विकणारी फिलोमेना शेजारणीला म्हणाली, "साहेबांना पान्हा फुटला!"

हसू अख्ख्या रस्त्यावर पसरत गेलं, आणि तेवढ्यात कोपरा खचला. रेन्दोनसाहेबांच्या मागचा खांदा बेकरीवाल्या बेनिग्नोचा होता. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. "कोपरा जातोय!" तो किंचाळला. "अरे, उंच माणूस घाला कोणीतरी!"

उंच माणूस होता. दोन पावलांवर होता. आपल्या बाबांनी कोट फेकून आत उडी घेतलेली अझुसेनानं पाहिली आणि क्षणभर, अगदी खरं सांगायचं तर, तिचं काळीज आनंदानं उडालं. तातांच्याच मापाचा खांदा! शेवटी रक्त बोललं!

पण बाबांनी खांदा दिलाच नाही. साहेब आणि बेनिग्नो यांच्यामध्ये ते शिरले आणि कंबरेत वाकले, डोकं खाली, ढुंगण मागे, दोन्ही हात गुडघ्यांवर. पालखीची तुळई त्यांनी पाठीवर घेतली. अगदी बरोब्बर इतक्या उंचीवर, की तिचं पुढचं टोक रेन्दोनसाहेबांच्या खांद्यावर अलगद टेकावं. साहेबांनी डोळे मिटले. कॅमेरे खटखटले. वर ख्रिस्ताची मूर्ती डावीकडे कलली, क्रूसासकट, आणि बेनिग्नोचे गुडघे थरथरायला लागले.

ताता खुर्चीतून उठले. अझुसेनाचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

"एव्हारिस्तो!" त्यांचा आवाज बँडच्या वर गेला. "सरळ हो! देव कलतोय!"

बाबांनी मान वळवली. त्यांनी पाहिलं. तातांकडे, मग तिच्याकडे. सरळ व्हायला लागणार तरी काय होतं? गुडघ्यांवरचे हात सोडायचे आणि माणसासारखं उभं राहायचं. तुळई त्यांच्या खांद्यावर आली असती, मूर्ती ताठ झाली असती, बेनिग्नोची पाठ वाचली असती. आणि राष्ट्राध्यक्ष वीतभर हवेला खांदा देताना जगाला दिसले असते.

बाबांनी मान पुन्हा खाली घातली.

तशीच ती पालखी बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, वाकडी. तिथे पहिली फेरी संपली. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. बेनिग्नोला दोघांनी उचलून दुकानात निजवलं. मंडळाचे प्रमुख तातांपाशी आले, टोपी हातात.

"ताता, पुढच्या फेरीत घेऊ का तुम्हाला? दोन पावलं तरी?"

ताता पुढच्या फेरीच्या माणसांकडे बघत राहिले. सगळी त्यांच्यापेक्षा बुटकी. "मी तिथे बसत नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे आणखी एकदा कलायला नको." आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून, पालखीकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत गल्लीत शिरले.

बाबा दिवेलागणीला घरी आले तेव्हा भलतेच खुशीत होते. ताटावरचं फडकं उचलून त्यांनी कालवणातल्या खाऱ्या माशाचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि फोन अझुसेनासमोर धरला. फोटोत राष्ट्राध्यक्ष मिटल्या डोळ्यांनी पालखी वाहत होते. मागे काहीतरी काळं दिसत होतं, सावलीसारखं.

"बघ! मी दिसतोय का कुठे? शोधून दाखव! साहेब म्हणाले, एव्हारिस्तो, तू नसतास तर..."

"ताता ओरडले ते ऐकू आलं होतं?"

"आलं की."

"मग?"

"मग काय? फोटो बिघडला असता ना, वेडे!"

इतक्या सहज म्हणाले! तिला वाटलं होतं की खोटं बोलतील, बँडच्या आवाजात कळलं नाही म्हणतील, निदान नजर तरी चोरतील. ते मात्र बोटाला लागलेला रस्सा चाटत होते.

मग त्यांनी कण्हत सदरा काढला आणि तिच्या हातात मलमाची डबी दिली. "जरा लाव गं. लाकडानं सोलून काढलंय."

सान होआकिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी घरोघर मलम लावतात. लेकी बापांना, बायका नवऱ्यांना. खांद्यावरचा तो काळानिळा डाग पुरुष आठवडाभर मिरवतात, सदऱ्याची गुंडी मुद्दाम उघडी ठेवतात. अझुसेनानं दरवर्षी तातांच्या डाव्या खांद्याला हे मलम लावलं होतं. बाबांचे दोन्ही खांदे गुळगुळीत होते. कातडं सोललं होतं ते पाठीच्या मधोमध, ओझ्याच्या गाढवाचं सोलतं तिथे.

तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं आणि डबी टेबलावर ठेवली.

"तुम्हीच लावा."

"अगं, तिथे हात पोहोचत नाही."

"मग ज्यांचा फोटो चांगला आला, त्यांना सांगा."

बाबा हसले. आवाज न करता. पाठीवरची जखम त्या हसण्याबरोबर हलली, तिच्यातून एक ओघळ कमरेकडे उतरला. पदार्थांच्या वासातून, दिव्यातून, त्या हलणाऱ्या खांद्यांपासून अझुसेना बाहेर व्हरांड्यात आली. ताता अंधारात झगा मांडीवर घेऊन बसले होते.

"ताता, तुमचा डावा खांदा दुखतोय का?"

"आज कशाला दुखेल?"

"तरी द्या इकडे," ती म्हणाली, आणि त्यांच्या मागे उभी राहून कोरड्या हातांनीच चोळत राहिली. आतून बाबा तिला हाका मारत होते. दोनदा, तीनदा. मग आईला मारायला लागले. आईनं स्वयंपाकघरात नळ सोडला.