तिरक्या भोकांची फळी

झरीच्या बन्सीधर सुताराला कुणी "जमेल का?" असं विचारलं की त्याचं डोकं फिरायचं. बैलांनी ओढायच्या पेरणीच्या तिफणी, पंचक्रोशीतल्या कितीतरी, त्याच्या हाताखालून गेलेल्या. ट्रॅक्टरची पेरणी आली, तिफणीला गिऱ्हाईक राहिलं नाही, पण गड्याचा ताठा होता तिथंच होता. त्यामुळं कॅनडातून त्याच्या लेकीनं, रोहिणीनं, फोनवर "आबा, जमंल का?" म्हटलं, तेव्हा तो गुरकावलाच.

"जमंल का म्हंजी? काय करायचंय ते सांग की!"

रोहिणी तिकडं एका वृद्धाश्रमात नर्स होती. तिथली म्हातारी माणसं क्रिबेज नावाचा पत्त्यांचा डाव खेळायची. त्यातले गुण लाकडी फळीवर मोजतात. फळीवर भोकांच्या लांब रांगा असतात, आणि गुण मिळतील तशी आपली खुंटी पुढच्या भोकात सरकवायची. त्यांची जुनी फळी फुटली होती. रोहिणी सगळ्यांसमोर बोलून बसली होती की दुकानातली आणू नका, माझे वडील करून देतील. सुट्टीवर आलेली तिची परभणीची मैत्रीण रविवारी परत निघणार होती, तिच्याबरोबर फळी पाठवायची होती.

लेकीनं आपल्या जिवावर शब्द दिला, याचं बन्सीधरला भारी कौतुक वाटलं. त्यानं जुन्या दाराचं सागवान काढलं, बोट कुठं अडकू नये इतका रंधा मारला, रांगा आखल्या आणि गिरमिटानं शंभरावर भोकं पाडली. बाभळीच्या बारीक खुंट्या तासल्या. शनिवारी त्या भोकांत बसवल्या आणि त्याचा चेहराच उतरला. एक खुंटी सरळ उभी राहील तर शपथ! वाऱ्यातल्या ज्वारीसारख्या सगळ्या एका अंगाला कललेल्या.

काय झालं ते त्याला लगेच कळलं. तिफणीवर बी सोडायचं लाकडी वाडगं असतं, त्याला चाडं म्हणतात. चाड्याची भोकं तिरकीच पाडावी लागतात, तेव्हा बी घरंगळत नळ्यांत उतरतं. जन्मभर चाडी केलेल्या हातानं इथंही तेच केलं होतं.

"भुसा अन् डिंक भरा, पुन्यांदा पाडा," त्याची बायको चतुराबाई म्हणाली. "कोण बगायलंय तिकडं?"

"मी बगायलोय की!"

बुजवलेलं सामान त्याच्या हातून कधी गेलं नव्हतं, आणि दुसरी फळी करायला वेळ नव्हता. शेवटी आहे तशीच त्यानं ती धाडली. वर रोहिणीला फोन करून सांगून टाकलं, "बाई, माज्या हातून चुकलंय. तुजी मान खाली गेली तर मला शिव्या दे." मग कितीतरी दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. आपल्यापायी लेक चारचौघांत तोंडघशी पडणार, हेच त्याच्या मनात घोळत राहिलं.

पुढं एका सकाळी रोहिणीचा व्हिडिओ कॉल आला. टेबलाभोवती म्हातारेकोतारे बसले होते आणि मधोमध त्याची फळी होती. मार्गारेट नावाच्या आजीची बोटं संधिवातानं पार आखडली होती. तिनं आपल्याकडं झुकलेली खुंटी दोन बोटांत धरली, उपसली आणि पुढच्या भोकात रोवली. जुन्या फळीवरची सरळ खुंटी तिला धरताच यायची नाही, दुसरंच कुणीतरी तिच्यासाठी सरकवायचं. आता ती कुणाला हात लावू देत नव्हती.

"आबा," रोहिणी म्हणाली, "ह्या आजी विचारायल्यात, आमच्या बोटांचा विचार करून तुज्या वडलांनी मुद्दाम तिरकी केली का? मी हो म्हणू? कुणाला काय कळायलंय!"

चतुराबाईनं शेजारून "हो म्हणा" अशी मान हलवली. कौतुक आपल्या पायांनी घरी चालून आलं होतं, आणि बन्सीधरला ते नको होतं असंही नाही. पण त्यानं बायकोच्या हातातून फोन घेतला आणि ताठ बसला.

"न्हाई. खरं सांग त्यांला. तिरकी झाली ती माजी चूक हाय. तिफणीचा हात हाय माजा. पण म्हणावं, मापून बगा. पयल्या भोकापासून शेवटच्या भोकापस्तोर समदी एकसारखी तिरकी हायेत. ती चूक न्हाई."