सभागृहातला तो आणि घरातली मी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी पट्ट्या दाबायच्या, अशी. मी ज्यांच्या घरी राहते, त्या काकूंच्या आईने मला लेकीच्या लग्नात तिच्यासोबत पाठवलं, आणि जावई मिळाला तोही वाद्यं दुरुस्त करणारा! माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. संध्याकाळी काकू मला वाजवत. कुठे सूर जरा घसरला की काका हातातलं काम टाकून माझ्याजवळ येत.

मग शहरातल्या सभागृहाचा जुना ऑर्गन काकांकडे दुरुस्तीला आला. आला म्हणजे काय, काकाच त्याच्याकडे जाऊ लागले. भिंतभर उभ्या, हवेवर वाजणाऱ्या नळ्या, काही माणसाहून उंच, काही पेन्सिलीएवढ्या. छप्पर गळून तो कित्येक वर्षं मुका पडला होता. हे सगळं मला काकांच्याच तोंडून कळलं, कारण जेवताना त्यांना दुसरा विषयच उरला नव्हता. "आज त्याच्या एका नळीत चिमणीचं घरटं सापडलं!" "आज त्याने पहिला हुंकार दिला!" ऐकून माझा नुसता जळफळाट होई.

त्याच दिवसांत माझा भाता फाटला. काकूंनी पाय मारला की सुराऐवजी फुसफुस.

"अहो, माझी पेटी बघा ना."

"बघतो गं. ती काय, घरातच आहे."

"सवत आणलीत तुम्ही," काकू म्हणाल्या, "तीही भिंतीएवढी!"

काका हसले. मला मात्र हसू आलं नाही. हळूहळू माझ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या साठू लागल्या.

पुढे तर कहर झाला. नळ्या सुरात लावायला काका ऑर्गनच्या आत शिरत, तेव्हा बाहेर कुणीतरी पट्टी दाबून धरायला हवी. त्यासाठी ते काकूंना नेऊ लागले. ज्या बोटांवर माझा हक्क, ती आता त्याच्या पट्ट्यांवर! तो पुन्हा मुका होऊ दे, असं मी मनात म्हणाले. खरंच म्हणाले.

त्याच्या पहिल्या कार्यक्रमाचा दिवस तोंडावर आला. एका दुपारी काका दारात चपला घालत होते आणि काकू घड्या बाजूला सारून माझ्यासमोर बसल्या.

"चल ना, शेवटच्या नळ्या राहिल्यात."

"मी येत नाही."

"अगं, तिकिटं विकली गेलीत!"

"दिवसभर मी त्याची एकेक पट्टी धरून बसते, आणि इथे आईची पेटी धापा टाकते. आधी हिला बोलती करा."

काकांनी चपला काढल्या. माझी मागची फळी उघडून ते आत बघत राहिले.

"इतकी फाटली होती?" त्यांनी हळूच विचारलं.

"कधीची सांगतेय."

त्यांनी पिशवीतून मऊ कातडं काढलं आणि भात्याला चिकटवलं. गोंद वाळेपर्यंत दोघंही माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिली. मग काकूंनी एक सूर धरला, लांबच लांब. काकांनी डोळे मिटले. त्यानंतरच दोघं सभागृहाकडे धावली.

कार्यक्रम रंगला म्हणतात. दुसऱ्या दिवशी शेजारी येऊन त्याचंच कौतुक करत होते, आणि मला प्रत्येक शब्द टोचत होता. माझा मत्सर गेला असं मी सांगणार नाही. माझ्या भात्यावरचं कातडं त्याच्याच कामातून उरलेलं आहे, हेही मला अजून खुपतं. पण मी गाते.

मित्रांनो, मोठ्या कामात जरूर रमा. पण रोज आपल्यासोबत राहणाऱ्यांचा आवाज कधी बसला, हे आपल्यालाच सगळ्यात शेवटी कळतं. आज घरी गेलात की जरा कान देऊन बघा.