अगोदर आंघोळ

अक्षराच्या शाळेतल्या समुपदेशक रचना मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला झोप लागते का?" माझं डोकंच फिरलं. पोरगी वर्गात कुणाशेजारी बसत नाही, साबणानं घासून घासून हातांची सालटं निघालीत, ते सोडून ही बाई माझ्या झोपेची चौकशी करत बसली! मी म्हटलं, "मॅडम, मी नर्स हाय. पोरीचं काय ते बोला."

"तिचंच बोलतेय," त्या म्हणाल्या.

निपाणीतल्या एका दवाखान्यात मी बारा वर्षं नोकरी करते. कोरोनात वॉर्डातून आले की मागच्या दारानं मोरीत जायचं, डोक्यावरून आंघोळ, मगच घरात. चार वर्षांची अक्षरा "आई" म्हणून झेपावायची आणि मी ओरडायचे, "शिवू नको!" माझ्या आज्यानं हा शब्द गावात ऐकत जन्म काढला, आणि तो घरात आणला मी. नवरा लोंढ्याला रेल्वेत, घरात आम्ही तिघीच: मी, अक्षरा आणि माझी आई तानुबाई. एवढं सांभाळूनही आई गेली.

वॉर्डातला आजार घरात दुसरं कोण आणणार? हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कुणाजवळ बोलले नाही. रडलेही नाही, पुढच्या आठवड्यात ड्यूटीवर हजर. कोरोना सरला, माझी मागच्या दारची आंघोळ मात्र आजवर सुरूच. बादली अक्षरा भरून ठेवते. शेजारच्या गुणाबाई म्हणतात, "लई शानी पोर!" ते ऐकून मी खूश व्हायचे. शहाणी कसली! एवढ्या वर्षांत ती मला एकदाही बिलगली नव्हती, आणि मॅडमनी विचारीपर्यंत मला त्याचा पत्ताच नव्हता.

मॅडमना भेटले त्याच संध्याकाळी मी ड्यूटीवरून पुढच्या दारानं आले, आंघोळ न करता. उंबऱ्यावर बसले, हात पसरले. "ये गं, अक्षू."

ती भिंतीला चिकटली. "आई, अगोदर आंघोळ."

"आज न्हाय करायची. मला काय झालं न्हाय. ये."

"तुला न्हाय गं. मीच शाळेतनं आलोय. मला शिवू नको, तू मरशील."

"असं कोण म्हणलं?"

"तूच की. आजी गेली तवा तू वरडलतीस, 'आईजवळ कोण गेलतं, सांगा!' मी गेलतो. तू ड्यूटीवर असताना आजीच्या कुशीत झोपलतो. कुणाला सांगितलं न्हाय."

हो, ओरडले होते. दोष माझ्या अंगाला चिकटू नये म्हणून जो दिसेल त्याच्यावर ओरडले होते. तिथंच दाराआड चार वर्षांचं पोर उभं होतं, ते मी बघितलंच नाही.

"तू न्हाय गं बाळा. मी आणलं. माझ्यामुळं गेली आजी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं, आणि मला रडू आवरेना.

वाटलं, आता तरी येईल. ती मोरीकडं गेली, भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत आणली आणि माझ्यापासून हातभर लांब ठेवली.

"रडू नको आई," ती तिथूनच म्हणाली. "मी बी कुणाला सांगणार न्हाय."