वाढ्यावरचं तूप

आक्काबाईंनी लेकीच्या साहेबांसाठी जीव लावून तूप कढवलं, आणि साहेबांनी ते उंदरांना घालायला सांगितलं. करुणाच्या डोक्यात राख गेली ती तिथून.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या संक्रांतीची. करुणा बारामतीच्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर संशोधन करत होती. आईनं पिंपळीच्या बौद्ध वस्तीतून किटलीभर तूप पाठवलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख आबासाहेब, इंदापूरकडचे मोठे बागायतदार. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, तूप कुणाच्या घरचं ते विचारलं, आणि ऐकताच किटली दोन बोटांनी परत सरकवली.

"असू दे. उंदरांना चालेल."

संध्याकाळी घरी गेल्यावर आईनं विचारलं, सायबांना आवडलं का? करुणा व्हय म्हणाली. आयुष्यात आईशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि त्याबद्दल तिनं आबासाहेबांना कधीच माफ केलं नाही.

तिनं रागारागानं ते तूप खरंच उंदरांना घातलं, आणि पंधरा दिवसांत उंदरांच्या यकृतात चरबी जाळणारी विकरं दुपटीनं वाढली. वनस्पती तुपावरचे उंदीर मात्र होते तसेच राहिले. का, हे शोधण्यात तिचं वर्ष गेलं. करुणाच्या घरची गाय हंगामभर वाढं खायची, म्हणजे ऊसतोडीनंतर उरलेले हिरवे शेंडे. गाईच्या पोटात त्या हिरव्या रंगापासून फायटॅनिक नावाचं स्निग्धाम्ल बनतं आणि तुपात उतरतं. त्याच्या साखळीला फांद्या फुटलेल्या असतात. सरळ लाकूड चुलीत सहज जातं, फांदीचं अडतं. पण हे फांदीचं लाकूड स्वतःच कुऱ्हाडवाल्याला हाक मारतं. ते पेशीच्या केंद्रकात शिरून तिथल्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला जागं करतं, आणि रिसेप्टर चरबी जाळायच्या विकरांचा हुकूम सोडतो. तिकडे परदेशात काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर याचा शोध चाललाच होता. घरच्या तुपावर, जित्या उंदरात, ते करुणानं दाखवलं.

तिनं वहीत सगळं तारखेनिशी लिहिलं: तूप पिंपळीचं, आक्काबाईंच्या घरचं, गाईचा चारा हिरवं वाढं. आबासाहेबांनी लाल पेनानं ती ओळ खोडली. संशोधनात गोठा कशाला आणायचा, असं त्यांचं म्हणणं. मग निबंध छापून आला तो त्यांच्या एकट्याच्या नावावर. आभारातसुद्धा करुणा नव्हती. तूप कुठलं, तर 'लेखकाच्या इंदापूरच्या घरचं'! ती जाब विचारायला गेली, तेव्हा ते म्हणाले, तुझं काम उंदीर सांभाळायचं होतं. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली, सांभाळते.

निबंधाचा गवगवा झाला आणि दिल्लीहून समिती आली. प्रयोग आमच्यासमोर करा, म्हणाली. छापलंय तेच तूप हवं, म्हणून आबासाहेबांनी इंदापूरहून डबा आणला. त्यांच्या म्हशी वर्षभर वाळल्या कडब्यावर आणि पेंडीवर. तूप पांढरंशुभ्र, रवाळ, दृष्ट लागावी असं. करुणानं एकही आकडा इकडचा तिकडे न करता, अगदी इमानानं उंदीर सांभाळले. विकरं तसूभरही वाढली नाहीत. एका महिन्यात खरं करून दाखवा, नाहीतर निबंध मागे घ्या, असं सांगून समिती गेली. तूप कुठं चुकलं ते करुणाला ठाऊक होतं. गप्प राहण्यात इतकं सुख असतं हे तिला माहीत नव्हतं.

जूनमध्ये आबासाहेबांची जीप पिंपळीत आली. माळेगावच्या साखर कारखान्याचं धुराडं कधीच थंडावलं होतं आणि शिवारात वाढ्याची पात उरली नव्हती. आक्काबाईंना आभाळ ठेंगणं झालं. लेकीचे साहेब दारात! आबासाहेब म्हणाले, थोडं तूप हवं होतं. आक्काबाईंनी ऐकलं ते एवढंच, आणि गुळाची लापशी टाकली. नको म्हणायची साहेबांची हिंमत झाली नाही. तूप इथंच होतं, फडताळातल्या बरणीत, हंगामातलं शेवटचं.

आक्काबाईंनी लापशीत खळगा करून तूप ओतलं. साहेबांनी डोळे खाली घालून घास घेतला.

"ग्वाड लागतंय न्हवं?"

"चांगलंय."

"पोरगी म्हनली हुती की संक्रांतीला, सायबांस्नी लई आवडलं म्हनून."

साहेबांचा हात ताटातच थांबला. करुणा भिंतीला टेकून बघत होती. तिला आनंद झाला, उघडउघड आनंद झाला, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही. आक्काबाईंनी पुन्हा बरणी उचलली तसे साहेब अर्धवट उठले. "आक्का, उरलेलं जरा ठेवा, मला न्यायचंय."

"ठिवायचं कशाला? पोटभर खावा."

बरणी तळाशी आली होती. आईला ते नीट निघेना, म्हणून करुणानं तिच्या हाती पळी दिली. आक्काबाईंनी बरणी खरवडून शेवटचा थेंबही साहेबांच्या ताटात निथळवला आणि त्या पाणी आणायला गेल्या.

"पुन्हा कधी मिळेल?" आबासाहेबांनी हळूच विचारलं.

"दसऱ्यानंतर, कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर."

"तुपाचा आणि कारखान्याचा काय संबंध?"

"तीच ओळ खोडलीत तुम्ही, सर. लाल पेनानं." तिनं ताट त्यांच्याकडे दोन बोटांनी सरकवलं. "त्या पानाची नक्कल परवाच समितीला पाठवलीय. खावा आता, आई येईल."